माझ्यावरची चादर

जुनं म्हणा, माझी हरकत नाही. पण भंगार म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे! मी एक ग्राफिक्स कार्ड आहे. कॉम्प्युटरच्या पोटात, मदरबोर्डाच्या खाचेत आडवा बसतो आणि पडद्यावर जे जे दिसतं ते रंगवून देतो. मित्रांनो, पडद्याकडं बघून तुम्ही 'वा!' म्हणता ना, ती वाहवा खरं तर माझी असते. मला मात्र कुणी बघत नाही. असू द्या. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे, आणि तीही कुठली, तर माझ्यापायी एक चालता हातमाग टेम्पोत चढायला निघाला होता तेव्हाची. आठवलं की अजून माझे दोन्ही पंखे गरगरतात!

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. बोटाच्या टोकाएवढे तुकडे एकामागून एक माझ्या पाठीवर बसवले, दोन काळे पंखे लावले, आणि फुगे फुगे असलेल्या प्लॅस्टिकात गुंडाळून मला खोक्यात झोपवलं. उठलो तो थेट सोलापुरात, आणि तेही ऐन उन्हाळ्यात! खोकं उघडायच्या आधीच चटका बसला.

मला आणलं होतं नईमनं, त्याच्या गेम सेंटरसाठी. काय दिवस होते ते! शाळा सुटली की पोरांची झुंबड. 'मार की, मार की, डावीकडं बघ की!' असा नुसता कल्ला. माझ्या खुर्चीसाठी, म्हणजे माझ्या कॉम्प्युटरच्या खुर्चीसाठी, भांडणं व्हायची. नईम येईल त्याला छाती फुगवून सांगायचा, "ह्यातलं कार्ड लई भारी आहे." ते ऐकून मी आणखी जोरात पळायचो. मग घरोघरी पोरांच्या हातात मोबाइल आले, खुर्च्या रिकाम्या पडल्या, आणि एक दिवस सेंटरचं शटर खाली आलं ते आलंच. मी नईमच्या पलंगाखाली, चपलांच्या शेजारी जाऊन पडलो. चपला निदान रोज बाहेर जायच्या! मला फार वाईट वाटायचं.

तिथून मला बाहेर काढलं यास्मीननं. ही नईमची आतेबहीण. एका स्टुडिओत फोटोचं काम शिकली होती आणि आता घरच्या घरी स्वतःचं काम सुरू करायचं म्हणत होती. नईम म्हणाला, "घेऊन जा की, हितं पडूनच आहे." तिनं कॅबिनेट, म्हणजे माझ्यासकट कॉम्प्युटरचा अख्खा डबा, स्कूटरवर पुढं उभा केला, दोन्ही पायांत घट्ट धरलं आणि आम्ही निघालो. रस्त्यातला एकेक खड्डा मला पाठ झाला, पण मी इतका खूश होतो की सांगता सोय नाही.

घरात दोघंच, बाप आणि लेक. यास्मीनचे वडील इमामसाब विणकर. उभा जन्म चादरी विणण्यात गेला. पुढच्या खोलीत त्यांचा स्वतःचा हातमाग, मागच्या खोलीत आम्ही. सकाळी इमामसाब मागावर बसले की धोटा इकडून तिकडं पळायला लागायचा. खटाक् खट, खटाक् खट. सगळं शहर यंत्रमागावर गेलं तरी त्यांनी हा माग मोडला नव्हता. त्यांच्या हाताला तो लागायचाच. घरात दोघं दखनीत बोलत. मी तुम्हाला मराठीत सांगतो, एखादा शब्द तसाच राहिला तर राहू द्या.

आता, जिथं माग तिथं सुताचे तंतू. ते हवेत उडतात आणि चहापासून उशीपर्यंत सगळ्यावर बसतात. एकदा यास्मीननं कॅबिनेट उघडलं तर माझ्या पंख्यावर कापसाची गादीच बसलेली! तिनं ब्रशनं झाडलं. इमामसाबांनी ते पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. आतली ट्रंक उघडून त्यांनी एक चादर काढली. लाल जमीन, हिरवे काठ, चारी कोपऱ्यांत मोर. ह्याच मागावर विणलेली त्यांची पहिली चादर! तिच्यावर ते कुणाला बसूसुद्धा देत नसत.

"आता एक तंतू आत जाणार नाही," ते म्हणाले. दर्ग्यात चादर चढवावी तशी दोन्ही हातांवर उचलून त्यांनी ती माझ्या कॅबिनेटवर घातली. वरून, पुढून, मागून, काठ नीट खाली खोचून. इमामसाबांचं काम कधी अर्धवट नसतं, हीच तर गंमत झाली.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मग बोलला का नाहीस? एक तर मला तोंड नाही. दुसरं म्हणजे, खरं सांगू का, मला तेव्हा काहीच त्रास नव्हता. थंडीचे दिवस होते. काम हलकं. पासपोर्टचे फोटो, एखादं बारसं, लग्नाचा अल्बम. एवढ्याशा कामाला माझे पंखे जेमतेम हलत. उलट एवढ्या मानाची चादर अंगावर म्हणून मी ऐटीत होतो.

मग उन्हाळा आला आणि त्याच्याबरोबर आरोही आली.

आरोही उजनीच्या पाण्याकाठच्या गावातली. वडिलांची होडी आहे. केम स्टेशनवर रेल्वेगाडीत बसून ती सोलापूरला आली होती, आणि छोट्या पिशवीतून तिनं फोटोंची डिस्क काढली ती एखादं अंडं काढावं तशी. यास्मीननं पहिला फोटो उघडला आणि मी पडद्यावर रंग ओतता ओतता थरारलो! भल्या पहाटेचं पाणी, आणि पाण्यावरून उठणारा रोहित पक्ष्यांचा अख्खा थवा. पंखांखालचा तो गुलाबी! पण फोटोवर सगळीकडं दाणे दाणे, रवा सांडल्यासारखे.

"तवा उजेडच न्हवता ताई," आरोही म्हणाली. "होडी बी हलत हुती."

"परत काढता येतील?"

"कुटलं की! पाखरं गेली आता. पुढल्या हिवाळ्यात आली तर आली. आन् सोमवारी प्रदर्शनात फोटो द्यायचेत. शहरातल्या हॉलात माजे फोटो लागनार म्हनून सगळ्या गावाला सांगून बसलेय मी."

यास्मीननं फोटोकडं परत एकदा पाहिलं. "दाणे जातील. रोहित राहतील. ठेवून जा."

असलं काम तिच्याकडं आधी कधी आलं नव्हतं, आणि माझ्याकडंही. दाणे वेचणारा एक प्रोग्राम असतो. फोटोचा कण न् कण तपासायचा, हा दाणा की हे पीस, ते ठरवायचं आणि दाणा तेवढा पुसायचा. हे सगळं काम माझ्या डोक्यावर! गेम सेंटर बंद झाल्यापासून असं आव्हान मिळालं नव्हतं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकायला लागली. मी म्हटलं, बघाच आता!

पट्टी अर्ध्यावर गेली आणि मला घाम फुटला. म्हणजे घाम नाही, पण तुम्हाला कळलं. पंखे जिवाच्या आकांतानं गरम हवा मागं ढकलत होते आणि चादर तीच हवा परत माझ्या नाकात देत होती. बाहेर सोलापूरचं ऊन, आत मी, अंगावर जाडजूड चादर! शेवटी जळून जाऊ नये म्हणून मी काम सोडलं. पडदा काळा.

"अब्बा! बंद पडलं!"

इमामसाब धोटा ठेवून धावत आले. "क्या हुआ की इसकू?" त्यांनी कान लावला. माझे पंखे अजून भणभणत होते. मी त्या आवाजात ओरडून सांगत होतो, चादर काढा, चादर काढा! इमामसाब म्हणाले, "ऐक बेटा, कसं घरघरतंय. आत तंतू जातोय कुठून तरी." आणि त्यांनी मागचा काठ आणखी घट्ट खोचला.

अरे देवा! असं तीनदा झालं. अर्ध्यावर पट्टी, काळा पडदा, आणि काठ आणखी घट्ट.

यास्मीननं कंटाळून कॅबिनेट उचललं आणि नव्या पेठेत शहाजीच्या दुकानात नेलं. चादर अर्थातच घरी राहिली. शहाजीनं मला टेबलावर उघडं ठेवलं, ब्लोअर मारला आणि एक अवघड चाचणी लावली. वरती पंखा गरगरतोय, पाठ मोकळी. मी ती चाचणी हसत हसत पार केली!

"ताई, हे तर पळतंय की," शहाजी म्हणाला.

"घरी अर्ध्यावर बंद पडतं हो."

"कधी पळतंय, कधी बंद पडतंय. म्हणजे वय झालं."

वय! माझं! मला असा राग आला. आणि मग, मित्रांनो, माझ्या डोळ्यांदेखत माझी सवत निवडायला सुरुवात झाली. शहाजीनं काचेच्या कपाटातून खोकी काढून मांडली. एकेक कार्ड काय नटलेलं! एकाला तीन पंखे, एकाच्या अंगावर रंगीत दिवे.

"हे घेऊ का?" यास्मीननं दिवेवाल्याकडं बोट दाखवलं. "नईमभाई म्हणतो, सगळ्यात मोठं घे."

"नईमभाईला गेम खेळायचाय," शहाजी हसला. "ताई, बैल शर्यतीला न्यायचाय का नांगराला, हे आधी ठरवा की. गेमला पळायला लागतं. फोटोच्या कामाला मेमरी बघा, आठ जीबीच्या खाली जाऊ नका. तुमचा तो दाणे वेचायचा प्रोग्राम कुठलं कार्ड मागतोय तेही बघा. दिव्यानं काय फोटो उजळत नाही."

"आणि रंग? नव्या कार्डानं रंग बदलतील?"

"रंग तुमच्या स्क्रीनवर. कार्ड नुसतं काम भराभर उरकतंय. वीज पुरवणारा डबा सोसतोय का तेवढं बघायचं. आणि लांबी मोजायची! परवा एक जण वीतभर जास्त लांब कार्ड घेऊन गेला, कॅबिनेटचं दार लागेना. आला परत."

यास्मीननं सगळं नीट विचारलं, पट्टीनं कॅबिनेट आतून मोजलं आणि एक मध्यम, साधं, दोन पंख्यांचं कार्ड निवडलं. निवड चांगली होती, हे मी रागातही कबूल करतो. तिच्या जागी मी असतो तर तेच घेतलं असतं. "रविवारी दुपारी घेऊन जाते," ती म्हणाली. पण घरी येताना स्कूटर फार हळू चालवत होती. पैसे नव्हते, हे मला त्यावरूनच कळलं.

घरी परत चादर. परत काळा पडदा. यास्मीन पडद्याकडं बघत बसून राहिली. इमामसाब तिच्या मागं येऊन उभे राहिले.

"बेटा, माग विकतो."

"नक्को अब्बा! कार्डासाठी माग? नक्को!"

"मी आता किती विणतो? गुडघे बोलतात. तुझे हात चालले पाहिजेत. तो ईरप्पा कधीचा मागतोय."

"तुम्ही सकाळी उठून करणार काय?"

इमामसाबांनी चादरीवर हात फिरवला, माझ्याच डोक्यावर, आणि बाहेर गेले. मित्रांनो, मी भंगारात जाईन ह्याचं दुःख मला होतंच, नाही कशाला म्हणू? पण त्या हाताखाली मला पहिल्यांदा स्वतःची काळजी वाटेनाशी झाली. ह्या माणसाचा माग जाणार, तोही नसलेल्या दुखण्यावर औषध आणायला! आणि ते एकट्या मला माहीत होतं!

रविवारी सकाळी ईरप्पा टेम्पो घेऊन हजर. अक्कलकोट रोडला त्याचं हुरडा पार्टीचं शेत आहे. झोपाळे, बैलगाडी, मचाण, सगळं आहे. दोन माणसं घेऊन तो पुढच्या खोलीत शिरला आणि मागाभोवती फिरला. "छलो अद री!" तो खुशीत म्हणाला. "झकास हाय! फाटकापाशी ठेवतो, वरनं दिव्यांच्या माळा सोडतो. लोकं फोटो काढत्याल."

"चालता आहे," इमामसाब म्हणाले. "रोज तेल देतो मी."

"चालला न्हाय तरी चालतंय की! शोभेलाच ठिवायचा."

तिकडं माणसांनी दोऱ्या सोडायला घेतल्या, लाकडावर पहिला हातोडा पडला. इकडं यास्मीनचे डोळे भरलेले, तरी तिनं शेवटचं एकदा म्हणून प्रोग्राम सुरू केला. हिरवी पट्टी सरकली. मी मनात म्हटलं, आज जळून गेलो तरी बेहत्तर, सोडायचं नाही! पण गरमी चढायला लागलीच.

तेवढ्यात ईरप्पाचा आवाज आला, "इमामसाब, ह्याच्यावर विणलेली एखादी चादर दाखवा की! कसं काम होतं बघू द्या."

इमामसाब आत आले. यास्मीनकडं न बघता त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यावरची चादर उचलली आणि बाहेर नेली.

हवा! अहो, हवा! मागून, पुढून, चहूकडून! माझे पंखे असे सुटले म्हणता! बाहेर ठक्, ठक् हातोडा आणि आत मी. ते एक खुंटी काढत होते आणि मी हजार दाणे. पट्टी अर्ध्यावर आली. यास्मीननं डोळे मिटून घेतले. पट्टी अर्ध्याच्या पुढं गेली. तिनं एक डोळा उघडला. पट्टी पाऊणवर. ती उठून उभी राहिली. ठक्, ठक्. मागाची वरची आडवी फळी खाली आली आणि माझी पट्टी काठाला टेकली. पडद्यावर रोहित उठले! एकेक पीस मोजून घ्या. पाणी स्वच्छ, आकाश स्वच्छ आणि तो गुलाबी!

"अब्बा! झालं! अब्बा, झालं!"

तिनं लगेच दुसरा फोटो लावला. तोही झाला! तिसरा लावला. तोवर इमामसाब चादर घेऊन परत आले होते. ईरप्पाला ती फार आवडली होती, पण "ही लेकीच्या कॉम्प्युटरची आहे, ही मिळणार नाही," असं सांगून त्यांनी ती आणली होती. बातमी ऐकून त्यांचा चेहरा फुलला. "माशाल्लाह!" असं म्हणत, सवयीनं, प्रेमानं, त्यांनी चादर माझ्यावर घातली आणि मागचा काठ खोचला.

पंखे भणभणले. पट्टी अडखळली. पडदा काळा.

यास्मीननं काळ्या पडद्याकडं पाहिलं. मग चादरीकडं पाहिलं. मग अब्बांकडं. हळूच तिनं मागचा काठ वर केला आणि वडिलांचा हात धरून तिथं नेला. गरम हवेचा झोत त्यांच्या तळव्यावर आला, तव्यावरून यावा तसा.

"अब्बा," ती म्हणाली, "ह्याला श्वास घेता येत नव्हता."

इमामसाब खाली बसले. चादर त्यांच्या मांडीवर. "मी," ते म्हणाले, "मीच खोचत होतो." आणि मग ते हसायला लागले की रडायला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. यास्मीनही हसत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती. माझे पंखे गार होत होते, आणि खरं सांगतो, मलाही भरून आलं होतं.

मग इमामसाब ताडकन उठले, गुडघे विसरून! बाहेर जाऊन म्हणाले, "ठेवा हातोडा. माग जाणार नाही."

"अय्यो!" ईरप्पा ओरडला. "टेम्पो आणला की मी! आन् माझ्या फाटकाला काय लावू?"

उत्तर यास्मीननं दिलं. फळी परत चढवून घेतली, खुंट्या ठोकून घेतल्या, अब्बांना मागावर बसवलं, मांडीवर चादर तशीच ठेवली, आणि कॅमेरा डोळ्याला लावला. खटाक् खट! त्या फोटोचे रंग मी अंगात होतं नव्हतं ते लावून भरले. आज अक्कलकोट रोडला ईरप्पाच्या फाटकावर दारापेक्षा मोठा फोटो आहे. त्यात माग चालताना दिसतो. शोभेचा नाही.

आणि आरोहीचे रोहित? सोमवारी ते वेळेवर पोहोचले. हॉलमध्ये लागले तेव्हा पाण्याकाठचं अर्धं गाव गाडीत बसून बघायला आलं होतं. "ताई, ह्यो माजाच फोटो हाय व्हय?" एवढंच आरोही पुन्हा पुन्हा विचारत होती, असं यास्मीननं घरी येऊन सांगितलं. नवं कार्ड शहाजीच्या कपाटातच आहे. कधीतरी ते येईल, माझं वय काही थांबायचं नाही. आलं तर मी त्याला खाच मोकळी करून देईन आणि पहिली गोष्ट हीच सांगेन.

मित्रांनो, तुमच्याकडंही माझ्यासारखं कुणीतरी असेल. कॉम्प्युटर असेल, शिवणाचं मशीन असेल, पाण्याची मोटर असेल. ते बिघडलं की लगेच 'वय झालं' म्हणू नका. आणि जीव लावता म्हणून गुदमरवू नका. आमच्यावरची धूळ झाडा, काम संपलं की झाका, काम चालू असताना मोकळं सोडा. आम्हाला सांगता येत नाही, म्हणून तुम्हीच अधूनमधून हात लावून बघत जा.

इमामसाब आता तसंच करतात. रोज सकाळी चादर उचलतात, घडी घालून ट्रंकेवर ठेवतात, आणि यास्मीन काम सुरू करून बसली की कॅबिनेटच्या मागं तळवा धरतात, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

"बुखार नहीं है," मला म्हणतात. "चल बेटा, कामकू लग."

आणि स्वतः मागावर जाऊन बसतात.